धुळ्यात शाळेचा ड्रेस शिवून घ्यायचा असेल तर या टेलरकडे जा, वर्षभराचा अनुभव लिहितेय

दुकानाला तसं नाव नाहीये. आग्रा रोडवरून आत जुन्या गल्ल्यांमध्ये शिरलं की एक पत्र्याची पाटी दिसते, त्यावर लेडीज जेन्ट्स टेलर एवढंच रंगवलेलं आहे आणि तो रंगही अर्धा उडालाय. आत दोन पायमशीन, एक इंटरलॉकची मशीन, कापडाचे गठ्ठे, आणि काउंटरवर लाल कापडाच्या पुठ्ठ्याची मापाची वही. सगळे त्यांना टेलरमामा म्हणतात, मीही तेच म्हणते. शाळेच्या गेटवर आया मला विचारतात तुझ्या पोरांचे ड्रेस कुठे शिवतेस गं, एवढे बरोब्बर कसे बसतात, आणि मी घाईत दोन वाक्यं बोलते आणि मग राहूनच जातं, म्हणून यावेळी सगळं नीट लिहून टाकते.

आधी आमचं सांगते, कारण त्याशिवाय मी एका टेलरबद्दल एवढं का लिहितेय ते कळणार नाही. आम्ही साक्री तालुक्यातले, गाव पांझरेच्या काठावर. मिस्टर धुळ्याजवळच्या अवधानच्या एमआयडीसीत कामाला, बरीच वर्षं त्यांनी अपडाऊन केलं. गावाला जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंतच आहे, मोठी चौथी पास झाली आणि बारकाही अंगणवाडीतून पहिलीत जायचा होता, तर दोघांच्या शाळा एकदमच बदलायच्या असतील तर आत्ताच बदलू असं ठरवून मागच्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात आम्ही धुळ्यातल्या देवपुरात भाड्याने दोन खोल्या घेतल्या. दाखला काढणं, आधार, पोर्टलवर नव्या शाळेकडून ट्रान्सफरची रिक्वेस्ट जाणं, ते जुन्या सरांनी मंजूर करणं, हे सगळं आठ दिवसात उरकलं, त्याचं काही विशेष नाही.

जड गेलं ते वेगळंच. गावाला अंगणवाडी शाळेच्याच आवारात होती. मोठी बारक्याचा हात धरून घेऊन जायची, मधल्या सुट्टीत खिडकीतून डोकवायची, येताना परत हात धरून आणायची. मला दोन वर्षं कधी पोहोचवायला जावं लागलं नाही. इथे मोठीची शाळा वेगळी, तिची दुपारची बारा ते साडेपाच, बारक्याची वेगळी, त्याची सकाळी नऊला भरते. एक घरी येतो तेव्हा दुसरी गेलेली असते. पहिल्या आठवड्यात बारका घरी आला की आधी तिच्या चपला शोधायचा दारात. दोघं एकमेकांना भेटायचे ते संध्याकाळी, आणि तोपर्यंत तो झोपेला आलेला असायचा.

आता ड्रेसचं. गावाला असताना ड्रेसची चिंताच नव्हती, तो शाळेतून मिळायचा. २०२४-२५ ला सरकारची ती एक राज्य एक गणवेश योजना आली होती ना, आकाशी शर्ट आणि गडद निळं, कापड एकाच ठिकाणाहून आणि शिलाई महिला बचत गटांकडून, आणि दुसरा स्काऊट गाईडचा, ती एकच वर्ष चालली, डिसेंबर २०२४ मध्येच निर्णय झाला की पुढच्या वर्षापासून परत शाळा व्यवस्थापन समितीनेच ड्रेस घ्यायचे. मोठीला तो ड्रेस बराच मोठा होता, पण गावात सगळ्यांचेच तसे, कोणी कोणाला हसत नव्हतं, सासूबाईंनी हाताने टीप मारून कंबरेत बारीक केला आणि वर्ष निघालं. त्यामुळे ड्रेस अंगाला नीट बसला पाहिजे, त्यानेही पोराच्या डोक्यात काहीतरी होतं, हे माझ्या मनातच नव्हतं.

नव्या शाळांच्या याद्या आल्या. बारक्याला हाफ पॅन्ट, शर्ट, पट्टेरी बेल्ट, टाय, बुधवारी आणि शनिवारी पीटीचा पांढरा. मोठीला चेक्सचा पिनाफोर (बिनबाह्यांचा फ्रॉक), आत पांढरा शर्ट, तिलाही पीटीचा वेगळा. १६ जूनला शाळा उघडणार होती आणि आम्ही गेलो १२ तारखेला, बाजारात पाय ठेवायला जागा नाही. एका रेडिमेडच्या दुकानात गेलो, तिथे माप घेत नाहीत, पोराकडे एकदा बघतात आणि नंबर सांगतात. बारक्याला २२ नंबर काढला. कंबरेत ढिला, लांबीला गुडघ्याच्या खाली. मी म्हटलं दादा मोठा होतोय, तर म्हणाले ताई, दोन वर्षं चालेल, पोरं वाढतातच. मलाही ते पटलं, आपल्याकडे असंच घेतात, वाढत्या अंगाचं. दोघांचे मिळून चार हजाराच्या वर गेले.

बारका नोव्हेंबरचा आहे. पहिलीला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण लागतात, तो त्यात बसतो, पण जूनमध्ये तो साडेपाचच वर्षांचा होता आणि वर्गात बहुतेक सगळ्यांपेक्षा लहान. अंगाने तर अजूनच बारीक. त्या पॅन्टीला पुढे हूक, आत अजून एक बटण, मग चेन, आणि ती खाली घसरू नये म्हणून वरून बेल्ट आवळलेला. अंगणवाडीत तो इलॅस्टिकची चड्डी घालायचा, खाली ओढली की झालं. मी शाळेत पाठवायच्या आधी त्याला दोन दिवस हूक काढायची प्रॅक्टिस करायला लावली, घरी जमायचं, आरामात उभं राहून जमायचं.

दुसऱ्या आठवड्यात तो ओली पॅन्ट घेऊन घरी आला. काहीच बोलला नाही. दप्तर पोटाशी धरून चालत आला, गेटपासून घरापर्यंत, मी विचारलं तरी दप्तर सोडेना. दोन दिवसांनी परत तेच. मग तो पाणीच पिईना, बाटली भरलेली तशीच परत यायची, धुळ्याच्या त्या उकाड्यात. मी रागावले त्याच्यावर, ते आज आठवलं की पोटात कालवतं. शेवटी मोठीने रात्री अंथरुणात त्याच्याकडून काढून घेतलं. गावाला आम्ही घरात अहिराणीच बोलतो, अंगणवाडीच्या बाईसुद्धा आमच्याच, तर त्याने वर्गात उभं राहून सरळ विचारलं होतं, मॅडम, मुताले जाऊ का? सगळा वर्ग हसला. तिथे ते इंग्लिशमध्ये विचारायचं असतं, ते वाक्य त्याला अजून आलं नव्हतं. मग त्याने विचारणंच सोडून दिलं, अगदी शेवटपर्यंत दाबून धरायचा आणि घंटा झाली की पळायचा, आणि तिथे तो हूक निघायचा नाही, बेल्ट ओढला की अजून घट्ट व्हायचा.

वाक्य आम्ही तीन दिवसात पाठ करून घेतलं. मॅडमना भेटले, त्यांनी समजून घेतलं, त्याच दिवसापासून त्या दर तासाला स्वतःच विचारायला लागल्या. पण पॅन्टीचं काय करायचं. शाळेत इलॅस्टिकची चालत नाही, बेल्ट दिसलाच पाहिजे. शेजारच्या काकू म्हणाल्या अगं एकदा गल्लीतल्या टेलरमामांकडे जाऊन बघ, माझी तिन्ही मुलं त्यांच्याकडच्याच कपड्यात मोठी झाली.

मोठ्या पुलावरून जाताना बारक्याने विचारलं, आई, हाई आपलीच नदी शे का? म्हटलं हो रे, तीच पांझरा, गावावरूनच येते. पूल संपेपर्यंत तो मागे वळून बघत होता.

टेलरमामांनी आधी टेप हातात घेतलाच नाही. त्याला स्टुलावर बसवलं आणि त्याच्याशी अहिराणीत बोलायला लागले, कोन्हा पोऱ्या रे तू, कोनतं गाव, पॅन्ट ढिली शे का? धुळ्यात अहिराणी बोलणारे कमी आहेत असं नाही, पण दुकानात, शाळेत, नव्या ठिकाणी माणसं मुलांशी मराठी नाहीतर हिंदीच बोलतात. बारका दोन आठवड्यांत पहिल्यांदा बाहेरच्या माणसाशी भडाभडा बोलला. पॅन्टीचं सगळं त्यानेच सांगितलं, मला काही सांगावं लागलं नाही. मामा ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्याला म्हणाले, आते काढी दखाड मले. त्याने तिथेच हूक काढायचा प्रयत्न केला, पाच सहा वेळा, आणि मामा खाली वाकून फक्त त्याची बोटं बघत होते. मग मला म्हणाले, ताई, हूक खराब नाही, पॅन्ट ढिली आहे म्हणून बेल्ट आवळता, बेल्ट आवळला की हूकावर ताण येतो, मोठ्या माणसाला पण निघणार नाही.

मग त्यांनी काय केलं ते नीट सांगते, ज्यांची मुलं पहिली दुसरीत आहेत त्यांनी आपल्या टेलरला हे दाखवावं. कंबरपट्टी पुढच्या बाजूने होती तशीच सपाट ठेवली, हूक आणि चेन दिसायला तिथेच पण आतून टाके मारून कायमची बंद. मागच्या बाजूने, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत, पट्टीच्या आत एक इंची इलॅस्टिक घातलं. बेल्टचे लूप सगळे जागच्या जागी. शाळेचा पट्टेरी बेल्ट मुळात इलॅस्टिकचाच असतो, तो अंगाबरोबर बसेल एवढाच सैल लावायचा, मग पॅन्ट खाली ओढली की बेल्टपण सोबत ताणला जातो. बाहेरून बघणाऱ्याला हूकाची पॅन्टच दिसते. लांबी त्यांनी कापली नाही, आत दुमडून टीप मारली, म्हणाले वाढला की सोडू. दोन्ही पॅन्टींचे मिळून ऐंशी रुपये घेतले, आणि आम्ही बाकावर बसलेलो असतानाच एक करून दिली, घालून बघ म्हणाले, चार वेळा खालीवर करून बघ. दुसऱ्या दिवशी बारका कोरडा घरी आला आणि बाटली रिकामी होती.

मोठीचं त्याच दिवशी काही करायचं नव्हतं, ती नुसती सोबत आली होती. पण ती पिनाफोर सारखी ओढत होती ते मामांना दिसलं. मी लक्षच दिलं नव्हतं, सगळं लक्ष बारक्यावर. मामांनी टेप उचलला आणि मग परत ठेवला आणि आत हाक मारली, अहो, जरा इकडे या. मामी आल्या, पडदा ओढला आणि मोठीचं माप त्यांनी आत घेतलं, आकडे आतून सांगितले आणि मामांनी बाहेर वहीत लिहिले. नंतर मामी मला हळूच म्हणाल्या, पोरी, आंडेर (मुलगी) मोठी व्हयी राह्यनी, पिनाफोरच्या आत छातीवर घट्ट होतंय तिला, तुला सांगायला लाजते, शर्ट एका मापाने मोठा कर आणि आत स्लिप घालत जा. दहा वर्षांची आहे ती. मी घरी तिला रोज बघते, वेणी घालून देते, आणि मला दिसलं नाही, एका मापात मामींना दिसलं. परत येताना मी तिला पुढे बारक्यासोबत चालू दिलं आणि मागून बघत राहिले. खांदे थोडे पुढे काढून चालत होती, ते दप्तराने असेल असं मला वाटत होतं.

दप्तराचंही होतंच तसं. आधी दोन वर्षं पुस्तकं चार भागात यायची, आतच वहीची पानं, एका वेळी एकच भाग न्यायचा. २०२५-२६ पासून ती पानं बंद झाली, परत पुस्तकं वेगळी वह्या वेगळ्या, आणि पाचवीत विषयही वाढतात. पट्टा उसवला तेव्हा मामांनी तो नायलॉनच्या जाड दोऱ्याने चौकोनात शिवून आत कापडाची घडी टाकून दिली, वीस रुपयात, ती शिवण अजून आहे.

पिनाफोर आम्ही ऑगस्टमध्ये नवीन शिवून घेतला, रेडिमेडवाला मोठीला नकोच होता. तो कसा शिवलाय ते बघण्यासारखं आहे. खाली तीन इंच दुमडलेलं, दोन्ही बाजूच्या शिवणीत एक एक इंच दाब म्हणजे आत जादा कापड, खांद्याच्या पट्ट्यांना दोन दोन बटणं म्हणजे वाढली की पुढच्या बटणावर जायचं. कंबरेच्या आतल्या बाजूने एक चून घेतलीय, ती बाहेरून दिसत नाही, ती उसवली की वरचा भाग इंचभर खाली येतो. दिवाळीच्या सुट्टीत पट्टीचं बटण बदललं, जानेवारीत चून सोडली, आणि आता मार्चमध्ये खालचं एक इंच. दुमड सोडली की जुन्या घडीची रेघ राहते ना, ती मामा व्हिनेगर घातलेल्या पाण्याचं फडकं फिरवून गरम इस्त्रीने दाबून बरीच घालवतात. पूर्ण नाही जात, आतलं कापड उन्हाने उडालेलं नसतं त्यामुळे जवळून बघितलं तर फरक कळतो, पण मोठीच्या वयाच्या पोरींना तेवढंही कळतं, तर त्यांनी तिला विचारून तिथे बारीक निळी लेस लावली, शाळेत कोणी हरकत घेतली नाही.

मामांनी मला एक गोष्ट समजावली ती फार कामाची आहे. लांबी वाढवता येते, कंबर वाढवता येते, आत कापड ठेवलं तर सीट म्हणजे मागची बसायची बाजूही सोडता येते, पण खांदा वाढवता येत नाही. म्हणून शर्ट थोडा मोठा शिवायचा, खांद्याला अर्धा इंच, आणि पॅन्ट मात्र सीटमध्ये अंगाचीच शिवून आत कापड ठेवायचं. आपण रेडिमेडमध्ये नेमकं उलटं करतो, सगळंच दोन नंबर मोठं. ते म्हणतात पोऱ्या वाढी राह्यना, कपडा नही वाढस, कपड्याला जागा द्यावी लागते.

कापडाबद्दल पण. दुकानात मिळणारं शाळेचं कापड बरंचसं पॉलिस्टरवालं असतं, रंग उडत नाही, सुरकुत्या पडत नाहीत, आयांना धुवायला सोपं. पण आपल्या खान्देशात मार्च एप्रिलमध्ये सकाळची शाळा असली तरी अकरा वाजता घरी येताना ऊन चांगलंच तापलेलं असतं, त्या कापडात पोरं शिजतात. मामा शर्टासाठी कॉटन जास्त असलेलं घ्यायला सांगतात, आणि कॉटन जास्त असेल तर शिवायच्या आधी ते घरून रात्रभर पाण्यात बुडवून वाळवून आणा म्हणतात, नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं. मी पहिल्यांदा विसरले तर त्यांनी कापड परत पाठवलं, कातर लावली नाही. पॅन्टीला मात्र मिक्स कापडच बरं, गुडघ्यांना टिकतं.

आता कमी काय आहे तेही लिहिते कारण फक्त चांगलं लिहिलं तर लोक जाऊन नाराज होतील. पहिलं म्हणजे वेळ. जूनच्या पहिल्या आठवड्यात गेलात तर विसरा, मामा एकटेच कापतात, कटिंग कोणाला देत नाहीत, दोन मशीनवर शिवणारी माणसं वेगळी. त्यांनी परवा म्हटलं तर चार दिवस धरा. मोठीच्या पिनाफोरला आठ दिवस सांगून चौदा लागले आणि ती तेवढे दिवस जुन्यात कुढत गेली, ते मला अजिबात आवडलं नाही आणि मी तसं मामांना बोललेही. त्यांनी ऐकून घेतलं, शिलाईतले पन्नास कमी केले, पण उशीर तो उशीर. अमावास्येला दुकान बंद असतं, फोन बरेचदा उचलत नाहीत, कारण मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही. क्यूआर कोड आहे, मुलाने लावून दिलाय, चालतो. एका शर्टाला काजं तिरकी आली होती, दाखवली तर वाद न घालता पूर्ण पट्टी बदलून दिली. आणि चेक्सच्या कापडात बाजूच्या शिवणीला रेघा जुळलेल्या नाहीत, ते मी चालवून घेतलं, ज्यांना खटकतं त्यांनी कापड पाव मीटर जास्त द्यावं आणि आधी सांगावं, जुळवून देतात.

भाव सांगते, मागच्या वर्षीचे. पहिलीच्या मुलाची हाफ पॅन्ट १८०, शर्ट २००, पिनाफोर ३५०, कापड आपलं. पहिलीच्या पॅन्टीला मोठ्या पन्ह्याचं पाऊण मीटर पुरतं. म्हणजे एका सेटला रेडिमेडपेक्षा सुरुवातीला थोडं जास्तच जातं. पण सोडवून सोडवून दोन वर्षं खरंच घालता येतं, रेडिमेडची दोन वर्षं म्हणजे पहिलं वर्ष ढगळ आणि दुसरं वर्ष आखूड.

शाळेचं कापड दुसरीकडे मिळतं का, हा प्रश्न येतोच. ठराविक दुकानातूनच घ्या अशी सक्ती शाळेने करू नये असे आदेश शिक्षण विभागाने वेळोवेळी काढलेले आहेत, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण रंगात फरक पडला तर पोराला वर्गात उभं करतात आणि भोगतं ते पोरच, म्हणून मी आपलं ऑफिसमध्ये जाऊन आधी नीट विचारलं. त्यांनी कापडाचा तुकडा दाखवला आणि शिवलेला चालेल म्हटलं, फक्त खिशावरचा बिल्ला शाळेतून घ्यायचा. तो तुकडा मी मागून घेतला, मामांनी तो वहीच्या पानाला टाचणीने लावून ठेवलाय. त्यांच्या वहीत असे धुळ्यातल्या किती शाळांचे तुकडे आहेत, निळे, मरून, हिरवे चेक्स, पानं उलटली की दिसतात.

या मे महिन्यात आम्ही अक्कल येऊन लवकर गेलो, २० तारखेलाच. बारका आता दुसरीत जातोय आणि मोठी सहावीत. मामींनी गच्चीवर बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत टाकल्या होत्या, बारक्याला ओलसर एक खायला दिली. मामांनी वहीत मागचं पान काढलं, बारक्याच्या नावापुढे साक्रीवाला बारक्या असं लिहिलेलं आहे कारण त्याच नावाचे अजून दोन आहेत, आणि जुन्या आकड्यांच्या खाली नवे लिहिले. उंचीला अडीच इंच वाढलाय, कंबर अर्धाच इंच. मोठीला मी विचारलं आत येऊ का तुझ्यासोबत, ती म्हणाली नको, मामी आहेत ना. पडदा तिनेच ओढला. मी बाहेर बाकावर बसले. आतून दोघींचं हसणं ऐकू येत होतं, आकडे सांगायला मामी विसरल्या तर मामांना दोनदा हाक मारावी लागली.

बारका स्टुलावर उभा राहिला आणि त्याने स्वतःच सांगितलं, माले हूकनी पॅन्ट पाह्यजे. त्याच्या वर्गातल्या मित्राला कळलं होतं की याचा हूक उघडत नाही, खोटा आहे. मामा म्हणाले काढता येतो का आता? त्याने काउंटरवर पडलेली कोणाचीतरी पॅन्ट ओढली आणि हूक लावून काढून दाखवला, एका हाताने. मामांनी वहीत त्याच्या पानावर हूक असं लिहून खाली रेघ मारली.

निघताना मला जवळ बोलावून म्हणाले, ताई, हूक लावतो, पण मागे अर्ध्या इंचाचं इलॅस्टिक ठेवतो या वर्षी, त्याला सांगू नका.

ड्रेस १० जूनला देणार म्हणालेत, मी १४ धरून चाललेय. ज्यांना जायचंय त्यांनी या आठवड्यातच जा, आणि मूल सोबत न्या, जुन्या कपड्याच्या मापावर ते शिवत नाहीत.